नव्या रंगाच्या भिंती आणि साडेसहा फुटी कपाट

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, लिफ्ट नाही. सगळ्या भिंतींना नव्याने पुट्टी करून प्लॅस्टिक इमल्शनचे दोन हात मारले, हॉलची एक भिंत गडद निळी केली, दारांना ऑइल पेंट लावला. काम शनिवारी संपलं. पुढच्या रविवारी टेंपो सांगितलाय, कारण भाड्याच्या घराची मुदत संपतेय आणि सोमवारी वास्तुशांत आहे. सासूबाईंचं लोखंडी कपाट, सागवानी पलंग, सोफा आणि फ्रिज यायचाय. आठ दिवसांत रंग पुरेसा वाळेल का, आणि भिंतींना धक्का न लागता हे सामान आत कसं न्यायचं?

मी पुण्यात चोवीस वर्षं रंगाची कामं घेतोय. एवढ्या वर्षांत रंग चुकीचा लागला म्हणून भिंत परत रंगवावी लागली असं क्वचित झालं. सामान आत येताना खराब झाली म्हणून परत करावी लागली, असं मात्र दर महिन्याला होतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आठ दिवसांचं बघू. तारीख पुढे ढकलू नका, काम निभेल. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या की हाताला वाळलेला रंग आणि पक्का झालेला रंग यांत बराच फरक असतो. इमल्शन अर्ध्या-एक तासात हाताला वाळतं, चार तासांनी दुसरा हात मारता येतो. तेवढ्या वेळात उडतं ते पाणी. रंगातले बारीक कण एकमेकांत मिसळून त्यांचा चिवट पापुद्रा व्हायला तीन ते चार आठवडे लागतात, आणि जूनच्या दमट हवेत त्याहून थोडे जास्तच. तोपर्यंत भिंत दिसायला तयार असते, पण अंगाने कोवळी असते. आपलं आपण तपासायचं असेल तर बेडरूमच्या दारामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख हलकेच दाबून बघा. नखाची चंद्रकोर उमटून तशीच राहिली तर रंग अजून मऊ आहे. पक्क्या रंगावर एवढ्या दाबाने खूण राहत नाही. आठव्या दिवशी तुमच्याकडे बहुतेक चंद्रकोर उमटेलच. ती उमटली म्हणून घाबरू नका, पण त्या भिंतीला कुणी काही घासलं तर काय होईल याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

या आठ दिवसांत खिडक्या उघड्या ठेवा, पंखे मंद फिरू द्या. पाऊस आत येत असेल तेव्हाच खिडकी लावा. भिंती ओल्या फडक्याने पुसू नका, कितीही मोह झाला तरी. दारांचा ऑइल पेंट इमल्शनपेक्षा हळू पक्का होतो, त्यामुळे रात्री दारं चौकटीत घट्ट लावून ठेवू नका, अर्धवट उघडी ठेवा. पावसाळ्यात नवीन रंगाचं दार चौकटीला चिकटतं, आणि सकाळी ओढून उघडलं की कडेचा रंग पट्टीसारखा सोलून निघतो.

आता भिंती खराब कुठे होतात ते सांगतो. सगळी भिंत झाकायची गरज नसते. नुकसान ठरलेल्या जागीच होतं. भिंतींचे बाहेर आलेले कोपरे, पॅसेजच्या दोन्ही बाजू, दारांच्या चौकटी, माळ्याची खालची कड आणि जिन्याचं वळण. कोपऱ्यांवर टवके उडतात ते जमिनीपासून दीड फूट ते साडेचार फूट या पट्ट्यात, कारण दोन माणसं जड वस्तू आडवी धरतात तेव्हा तिची खालची कड गुडघ्याजवळ असते आणि वरची खांद्याच्या खाली. त्याच्या वर क्वचित काही लागतं, माळा सोडून. म्हणून कोपऱ्यावर पाच फूट उंचीचं संरक्षण पुरतं.

आणखी एक खूण आहे जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हाताच्या पंजाची. मागे मागे चालणारा हमाल वळणावर आला की त्याला मागचं दिसत नाही. तो एक हात क्षणभर सोडतो आणि तोल सावरायला पंजा भिंतीवर टेकवतो. सामान चढवून झाल्यावर पॅसेजच्या तोंडाशी, साधारण खांद्याच्या उंचीवर, एकाच जागी पाच-सहा पंजे उमटलेले मी कितीतरी घरांत पाहिलेत. हात जिन्याच्या कठड्याच्या धुळीने काळे, कधी तंबाखूच्या चुन्याने पांढरे. त्या माणसाची यात काही चूक नाही, त्याच्या पाठीवर दोन मजले चढवलेलं ओझं असतं. त्यासाठी दोन गोष्टी करा. दाराबाहेर पाण्याची बादली, साबण आणि जुना टॉवेल ठेवा, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी हात धुवायला सांगा. आणि पॅसेजच्या तोंडाशी खांद्याच्या उंचीवर पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा लावा, म्हणजे पंजा टेकला तरी पुठ्ठ्यावर टेकेल.

पुठ्ठा कुठला आणि कसा लावायचा, हे नीट ऐका, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वाण्याकडे तेलाच्या डब्यांची, बिस्किटांची जाड खोकी मिळतात, ती आणा. खोकं उलगडून एक फूट रुंद आणि पाच फूट लांब पट्टी कापा. एका खोक्यात एवढी लांबी मिळत नाही, तेव्हा दोन तुकडे चार इंच एकमेकांवर चढवून जोडा. पट्टी उभी मधोमध दुमडा. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी उभ्या येतील असं बघा, म्हणजे घडी सरळ बसते आणि पट्टी खाली वाकत नाही. असे दोन थर एकात एक बसवले की कोपऱ्याला चांगली ढाल होते. चौकटीसाठी याच पट्ट्या इंग्रजी यू अक्षरासारख्या तीन बाजूंनी दुमडून चढवा.

आता टेप. खाकी पॅकिंग टेप नव्या रंगावर कुठेही, एक इंचसुद्धा, लावू नका. टेप पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला आणि फरशीच्या स्कर्टिंगला चिकटवायला वापरा. कोपऱ्याची ढाल जमिनीवर उभी करायची, तळाशी स्कर्टिंगच्या टाइलला खाकी टेपने पक्की करायची, आणि वरच्या टोकाला फक्त दोन छोटे तुकडे मास्किंग टेपचे. मास्किंग टेपही रविवारी सकाळी लावायचा आणि त्याच संध्याकाळी काढायचा. काढताना सरळ बाहेर ओढायचा नाही. एका टोकापासून सुरुवात करून, स्वतःवरच उलटा दुमडत, भिंतीला तिरका धरून सावकाश सोलायचा.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. सहकारनगरमध्ये एका जुन्या घरात मीच माझ्या पोरांना दाराजवळ पुठ्ठा लावायला सांगितला होता. मी दुसऱ्या साइटवर होतो. त्यांनी हाताशी होता तो खाकी टेप लावला, आणि तीन दिवस तो तसाच राहिला. मी येऊन टेप ओढला तर दोन इंच रुंद आणि हातभर लांब पट्टा निघून आला. टेपच्या मागे नुसता रंग नव्हता. रंग, त्याखाली पुट्टीचा पांढरा थर, आणि त्याच्याही मागे पिवळट भुकटी. ती भुकटी म्हणजे मूळचा डिस्टेंपर, खडूचा जुना स्वस्त रंग. जुन्या इमारतींत नीरूच्या, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत हात दिलेल्या भिंतींवर वर्षानुवर्षं डिस्टेंपर मारलेला असतो. तो खडूसारखा सुटा झालेला असतो आणि नीट खरवडून न काढता त्यावर पुट्टी केली की वरचं सगळं काम त्या भुकटीवर उभं राहतं. दिसायला भिंत उत्तम असते. टेप ओढला की दगा कळतो. चूक माझी होती, तिथली पूर्ण भिंत मी माझ्या खर्चाने परत केली. तुमचीही इमारत जुनी आहे. तुमच्या पेंटरने जुना डिस्टेंपर खरवडून काढला होता का, हे त्याला विचारा. काढला नसेल तर मास्किंग टेपसुद्धा भिंतीला लावू नका. मग वरच्या टोकाला कुणीतरी हाताने ढाल धरून उभं राहिलं तरी चालेल.

तसंच पुठ्ठ्याऐवजी वर्तमानपत्र लावू नका, कोवळ्या रंगावर त्याची शाई उतरते. बबल रॅप दारांना गुंडाळू नका. ऑइल पेंट मऊ असताना त्यावर फुग्यांच्या गोल गोल खुणा उमटतात आणि त्या परत रंग मारल्याशिवाय जात नाहीत. दारांवर जुनी सुती चादर टाका, वरच्या कडेवरून दोन्ही बाजूंना लोंबती. भिंतींना प्लॅस्टिक चिकटवून बंद करू नका, आत ओल कोंडते. प्लॅस्टिकची ताडपत्री जमिनीवर चालेल, पण ओल्या चपलांनी ती घसरडी होते, म्हणून दारापासून पॅसेजपर्यंत तिच्यावर जुनी सतरंजी किंवा पोती अंथरा.

माझा स्वतःचा भर मात्र भिंत झाकण्यापेक्षा सामान झाकण्यावर असतो. भिंती चाळीस फूट आहेत, कपाटाला कोपरे आठच आहेत. जुन्या गोधड्या आता कामाला येतील. कपाट गोधडीत गुंडाळून सुती नाड्याने दोन ठिकाणी बांधा, गाठ पुढच्या बाजूला आणि घट्ट. त्याआधी ते पूर्ण रिकामं करा, लॉकरसकट. दारं लावून किल्ली काढून घ्या, आणि मुठीवर कापडाची घडी बांधा. ती मूठ बाहेर आलेली असते आणि भिंतीवर सगळ्यात लांब ओरखडा तीच काढते. पलंगाचे पाय, डायनिंग टेबलचे पाय, सोफ्याचे पाय, जे जे स्क्रूने निघतं ते निघू दे. स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला बांधा. सागवानी पलंगाच्या उशाकडच्या फळीचे वरचे कोपरे अणकुचीदार असतात, त्यांना जाड फोम किंवा जुन्या टॉवेलची टोपी करा.

कपाटाबद्दल वेगळं लिहितो, कारण तुम्ही दिलेल्या मापांवरून तेच तुमचं खरं काम आहे. तुमचा पॅसेज तीन फुटी, बेडरूमचं दार तीन फुटी, म्हणजे चौकट वजा जाता चौतीस इंच मोकळं. पॅसेजवर माळा, जमिनीपासून सात फुटांवर. नेहमीचं लोखंडी कपाट ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल असतं. तुमचं मोजून घ्या, पण जवळपास हेच निघेल. आता बघा. एकोणीस इंच जाडीची वस्तू आडवी धरून तीन फुटी पॅसेजमधून काटकोनात एवढ्याच दारात वळवायची असेल, तर ती पाच फुटांच्या आसपासच लांब असली पाहिजे. कपाट साडेसहा फूट आहे. म्हणजे आडवं ते वळणारच नाही. हमाल प्रयत्न मात्र नक्की करतील, कारण जिन्यातून ते आडवंच आणलेलं असतं. कपाट अर्धं दारात, अर्धं पॅसेजमध्ये अडकतं, मग ते मागेपुढे करताना समोरच्या भिंतीला पत्र्याची कड घासत राहते. मग कुणीतरी म्हणतं, इथेच उभं करू. पॅसेजमध्ये ते उभं करायला गेलं की वरचा कोपरा माळ्याला लागतो. रुंदीच्या बाजूने उभं केलं तर त्याचा कर्ण ८६ इंच होतो आणि माळा ८४ वर आहे. माळ्याच्या कडेचा हातभर टवका नेमका असाच उडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. कपाट दारातून आत आलं की हॉलमध्येच, माळा नसलेल्या जागी, पाठीवरून, म्हणजे पाठ जमिनीकडे ठेवून उभं करा. पाठीवरून उचललं की कर्ण ८० इंच होतो, रुंदीच्या बाजूने उचलल्यापेक्षा चांगला अर्धा फूट कमी. उभं झाल्यावर त्याला उचलायचं नाही. खाली जुनी गोधडी चौपदरी घालून त्यावर ते उभं सरकवत पॅसेजमधून न्यायचं. माळ्याखाली सहा इंच सुटतात, दाराच्या चौकटीखाली त्याहून कमी, तेव्हा एका माणसाने पुढे गोधडी ओढायची आणि दुसऱ्याने मागून खालच्या बाजूला हात लावून ढकलायचं. वरून ढकललं की कपाट पुढे कलतं. उभं कपाट त्या दारातून वळतं, कारण आता लांबी फक्त ३६ इंच आहे. कपाटाखाली लोखंडी स्टँड असेल तर तो आधीच काढून वेगळा न्या, नाहीतर उंची वाढून चौकटीला लागेल. आणि बेडरूमच्या दाराचं पान बिजागऱ्यांचे स्क्रू काढून बाजूला ठेवा. उघडं दार चौकटीत आपल्या जाडीएवढी, म्हणजे दीड इंच जागा खातं. अशा वेळी दीड इंच फार असतो. पान काढायला एका सुताराला अर्धा तास लागतो.

फ्रिजचं सोपं आहे, तो उभाच न्यायचा असतो, आणि अंगाने लहान असतो. फक्त आत लावताना भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ठेवा. मागच्या गरम हवेने आणि धुळीने नव्या भिंतीवर काळपट सावली धरते.

जिन्यात सोसायटीच्या भिंती आहेत, त्यांचाही विचार करा. सामान येण्याआधी तळमजल्यापासून तुमच्या दारापर्यंत फोनवर फोटो काढून ठेवा. कुठला ओरखडा आधीचा आणि कुठला आजचा, यावरून शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी वाद नको. आणि वळणांच्या कोपऱ्यांना तिथेही पुठ्ठा लावा.

रविवारी घरातला एक माणूस सामान उचलायला न घेता फक्त वळणावर उभा करा. हे काम बिनमहत्त्वाचं समजून कुणी घेत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. त्याने एक हात भिंतीच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि मोठ्याने सांगत राहायचं, थांब, डावीकडे, खाली घे, आता चल. मागे चालणाऱ्याचे डोळे तो होतो. उभा राहणारा घरातला असावा, कारण भिंत त्याची आहे. तुमचे यजमान किंवा दीर, कुणीतरी. जड सामान सकाळी, सगळे ताजेतवाने असताना आणि घर मोकळं असताना आधी. खोकी नंतर. चहा मध्येच द्या, शेवटी नको. दमलेल्या हातांनीच भिंती घासल्या जातात.

खोकी आत आली की सगळ्यांना ती भिंतीला टेकवून रचायची सवय असते. तसं करू नका. खोलीच्या मधोमध रचा, भिंतीपासून हातभर लांब. टेकवलेली खोकी हळूहळू कलतात आणि कोवळ्या रंगावर त्यांच्या कडांच्या तपकिरी रेघा उमटतात. पलंग आणि सोफाही पहिला महिना चार बोटं पुढे ठेवा. कपाट तर पावसाळाभर दोन-तीन इंच सोडूनच ठेवा, मागे हवा खेळली नाही तर बुरशी धरते. आणि बसल्या जागी डोकं टेकायची सवय असेल तिथे पलंगामागे कापड लावा. खोबरेल तेलाचा डाग मॅट रंगात मुरला की धुऊन जात नाही.

वास्तुशांतीविषयीही सांगतो, कारण लोक सामानाची काळजी घेतात आणि सोमवारी बेसावध राहतात. होम हॉलच्या मध्यावर मांडा, निळ्या भिंतीपासून जितका लांब जमेल तितका, खिडक्या आणि दार उघडं ठेवून. धुराची काजळी कोवळ्या रंगाला धरते, आणि पहिल्या दोन दिवसांत कोरड्या मऊ ब्रशने झटकली तरच निघते. ओलं फडकं लावलं की काळं पसरतं. कुंकवाची बोटं आणि स्वस्तिक उंबरठ्यावर किंवा दाराच्या फळीवर काढा, भिंतीवर नको. भिंतीला हळद लागलीच तर साबण लावू नका. साबणाच्या पाण्याने हळदीचा डाग लाल होतो, आपण हळदीत चुना घालून कुंकू करतो तीच क्रिया. हळद उन्हाने फिकी पडते, तेव्हा ती भिंत उजेडात असेल तर थोडे दिवस तशीच राहू द्या.

पडद्याचे रॉड, टीव्ही, पाण्याचा फिल्टर यांची भोकं आता रंगानंतरच पडणार असतील, तर ड्रिल करताना खाली कागदाची पिशवी किंवा पाकीट उघडं धरायला एक माणूस लागतो. विटेची लाल भुकटी नव्या भिंतीवर सांडली तर तीही कोरडीच झटकायची. शक्य असेल तर ही कामं महिनाभर थांबवा. फक्त पंखे आणि दिवे आत्ता.

एवढं सांभाळूनही काहीतरी लागणारच. मग काय करायचं? नुसती काळी किंवा तपकिरी रेघ असेल, खाली खड्डा नसेल, तर तीन-चार आठवडे तिला हात लावू नका. रंग पक्का झाल्यावर मऊ स्पंज, साधं पाणी, लागलाच तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि हलक्या हाताने. तुमची निळी भिंत मॅट आहे. मॅट रंग जोरात घासला की डाग जातो, पण घासलेली जागा चकाकते आणि उजेड तिरका आला की तीच दिसत राहते. गडद रंगात तर फारच. त्या भिंतीवर घासण्यापेक्षा डाग सोसलेला बरा.

टवका उडाला असेल तर तो भरावाच लागतो, आणि घाईने भरलेला टवका मूळ टवक्याहून वाईट दिसतो. कडा पत्तीने खरवडून सुटं काढायचं, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा उतरत्या करायच्या, पुट्टी भरायची, पूर्ण वाळू द्यायची, ३२० नंबरने घासायचं. मग प्रायमर. हा प्रायमरचा ठिपका लोक टाळतात. उघडी पुट्टी रंगातलं पाणी शोषून घेते आणि तेवढाच गोल मंद, कोरडा दिसतो. शेवटी त्याच डब्यातला रंग, त्याच अवजाराने. भिंत रोलरने मारली असेल तर ठिगळही छोट्या रोलरने. ब्रशने मारलं तर छटा तीच असूनही पोत वेगळा पडतो. पांढऱ्या आणि फिक्या भिंतींवर असं ठिगळ खपून जातं. निळ्या भिंतीवर खपणार नाही, तिथे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात मारावा लागतो. म्हणून त्या भिंतीला आधीच सगळ्यात जास्त जपा. हॉलमध्ये कपाट उभं कराल ते तिच्यापासून दूरच्या टोकाला.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा रंग अजून व्हायचाय त्यांना माझा एकच आग्रह आहे. शेवटचा हात सामान आल्यावर मारा. पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात, इथपर्यंत रिकाम्या घरात करून घ्या. मग सामान येऊ दे, भोकं पडू देत, टवके उडू देत. आठ-पंधरा दिवसांनी पेंटरने परत यायचं, टवके भरायचे, सामान खोलीच्या मध्ये ओढून झाकायचं आणि दुसरा हात मारायचा. मजुरी थोडी वाढते, घरात दोन दिवस गैरसोय होते. पण सगळी ठिगळं शेवटच्या हाताखाली जातात आणि भिंत एकसारखी राहते. पेंटर आधी कुरकुर करतील, कारण एक काम दोनदा येऊन करायला कुणालाच आवडत नाही. बोलणी करतानाच हे ठरवून घ्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत किंवा गडद रंग निवडला असेल तर मी स्वतः दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने काम घेत नाही.

ताई, तुमचे दोन्ही हात होऊन गेलेत, तेव्हा तुमच्यापुरतं असं करा. पेंटरचे सगळे पैसे आत्ता देऊ नका. थोडी रक्कम राखून ठेवा आणि आजच त्याच्याकडून शब्द घ्या, की महिन्याभराने येऊन टच-अप करून देईन. रास्त माणूस नाही म्हणणार नाही. माझीही शेवटची रक्कम मी टच-अपनंतरच घेतो. आणि उरलेला रंग त्याला नेऊ देऊ नका. प्रत्येक छटेचा निदान अर्धा लिटर ठेवा. मोठ्या डब्यात तळाला ठेवला तर वरच्या हवेने त्यावर साय धरते, म्हणून लहान स्वच्छ डब्यात काठोकाठ भरा आणि झाकण ठोकून घट्ट बसवा. डब्यावर खोलीचं नाव, छटेचा नंबर आणि तारीख लिहा. दुकानातल्या मशीनवर रंग मिसळून दिला असेल तर मूळ डब्याच्या झाकणावर त्याचं स्टिकर असतं आणि डब्यावर बॅच नंबर छापलेला असतो. त्या दोन्हींचा आजच फोटो काढा, कारण रिकामे डबे रविवारच्या गडबडीत सगळ्यात आधी भंगारात जातात.